टर्नटेबल कोणतंही चालतं म्हणे!

आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर टर्नटेबलबद्दल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरून फिरून येतो: 'खेड्यात टर्नटेबलवर पैसा घालू नका. व्होल्टेजमुळे रेकॉर्ड नीट फिरतच नाही. स्वस्तातला सूटकेस प्लेअर घ्या, घरच्या होम थिएटरला जोडा आणि पैसा जास्त वॉटच्या स्पीकरमध्ये घाला.' यातलं जवळजवळ सगळंच उलटं आहे.

आधी व्होल्टेज. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की आपला बल्ब मंदावतो, हे खरं. पण जुन्या बेल्टवाल्या टर्नटेबलांत बहुधा सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेवर ठरतो, आणि ते ५० हर्ट्झ नागपूरला वेगळे अन् दारव्ह्याला वेगळे नसतात. नव्या मशिनी तर बहुधा अडॅप्टरमधून येणाऱ्या डीसीवर चालतात. फसगत होते ती कुणी अमेरिकेतून ६० हर्ट्झची जुनी मशीन आणली तर. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमतं, पण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड २८ च्या आसपासच फिरते; काळी चारमधलं गाणं पांढरी चारमध्ये उतरतं. वीज गेल्यावर स्वस्त स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर स्पीकरमधून गुरगुरतो, ती तक्रार मात्र रास्त आहे.

सूटकेस प्लेअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याच्या सुईचा भार साधारण पाच-सहा ग्रॅम. बऱ्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीचा, दोनच्या आसपास; भार कमी तशी रेकॉर्डची झीजही कमी. वर त्याचे स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे ढोलकीच्या प्रत्येक थापेला सुईच हादरणार. आजोबांच्या लाखेच्या ७८ च्या रेकॉर्ड तर त्यावर लावूच नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते.

'होम थिएटरला जोडा' हे अर्धं खरं. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट, आणि होम थिएटरच्या ऑक्स सॉकेटला हवे असतात शेकडो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात. ते मूळपदावर आणायला फोनो प्रीअँप लागतो. तो नसेल तर गाणं फोनच्या स्पीकरवर वाजल्यासारखं किरटं येतं आणि लोक मशीनला शिव्या देतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६० सारख्या मॉडेलात तो आतच असतो. मागचं बटण 'लाइन'वर करायचं, झालं.

आता वॉट, या मेसेजचा लाडका मुद्दा. खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारो वॉट छापलेले असतात, त्यांकडे बघूच नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, विचारा. आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते विचारा, ती डेसिबलमध्ये असते. ९१ डेसिबलचा स्पीकर १० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८५ वाल्याला ४० वॉट लागतात. घरच्या बैठकीत बसून ऐकायचं आहे, वरातीपुढे डीजे लावायचा नाही. १० वॉट खूप झाले.

आवाज खरा बिघडवते ती खोली. टिनाखाली, सिमेंटच्या भिंतींत टाळी वाजवून बघा, कशी झणझणते ते. भाव येईस्तोवर कापूस साठवलेल्या खोलीत वाजवा. टाळी तिथल्या तिथे मरते. ऐकायला अशी खोली नागपुरातही कुणाला मिळायची नाही! पण मशीन तिथे ठेवाल तर एक बाजू संपेस्तोवर सुईला तंतूंची बारीक दाढी फुटते आणि वरचे सूर फाटायला लागतात. त्यापेक्षा बैठकीत स्पीकरसमोरच्या भिंतीला दोन जाड गाद्या उभ्या करा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर नकोत. जुन्या घराच्या सागवानी माडीवर पोरगं धावलं की सुई उडते, म्हणून मशीन खाली फरशीवरच्या जड टेबलावर ठेवा.

मेसेजच्या शेवटी रेकॉर्डी माळ्यावर ठेवायचा सल्लाही आहे. मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर? तिथे तिरप्या पडलेल्या रेकॉर्डची पोळी वाकडी होते आणि मग ती कोणत्याही मशीनवर वाजत नाही. खालच्या थंड खोलीत, उभ्या आणि दाटीने ठेवा. मोठ्या स्पीकरचे वाचलेले पैसे सुईकडे वळवा. ती काहीशे तासांत झिजते आणि तालुक्याला मिळत नाही. मशीनसोबतच एक जास्तीची मागवा.