लिथियम बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागायच्या तोंडावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. दोन दिवसांत तोच कॉलनीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा: बायपोलरचे रुग्ण विसरभोळे होतात ते लिथियममुळे; बॅटरीत घालतात तेच हे विष; ५ वर्षांत मेंदू पोखरतं आणि साठीच्या आत स्मृतिभ्रंश होतो; म्हणून गोळ्या आजच थांबवा, मीठ सोडा, २१ दिवस ब्राह्मीचा काढा घ्या. खाली आणखी दोन ओळी: यांचं विसरणं पुष्कळदा सोयीचं असतं, फसू नका, आणि अशा माणसाच्या हाती पैशाचा व्यवहार देऊ नका.

माझ्या धाकट्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी उन्मादात (मन अतोनात चढलेलं) तर कधी नैराश्यात नेणारा मानसिक आजार. तो आवरायला ती बरीच वर्षं लिथियम घेते. मेसेज वाचून तिने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘ताई, आजची गोळी घेऊ की नको गं?’ मामांचा हेतू वाईट नव्हता हे मला ठाऊक आहे. तरी संताप यायचा तो आलाच.

आधी मिठाचं सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. मेसेज गोळी आणि मीठ दोन्ही सोडायला सांगतो, पण घरात काय घडतं? गोळी बंद करायला माणूस कचरतो, डॉक्टरांना विचारू म्हणतो. मीठ मात्र त्याच दिवशी सोडतो, कारण त्यात काय बिघडणार असं वाटतं. बिघडतं ते असं. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड ते धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही परत ओढून घेतं. गोळी तेवढीच, तरी रक्तातलं लिथियम चढत जातं. औषधाची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका सुरू होतो. उपयोगी आणि घातक यांच्यात एवढंच अंतर आहे. त्यात आपलं नागपूर: पारा ४५ च्या आसपास, घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही चाललेलं, आणि अशात कोणीतरी ताकातलंही मीठ बंद करायला सांगतो!

लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावं आणि जेवणातलं मीठ नेहमीइतकंच ठेवावं, एकदम कमी नाही आणि एकदम जास्तही नाही. उन्हाने डोकं दुखलं म्हणून मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, त्यांनीही पातळी वाढते. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलं तरी लिथियम चालू आहे हे आधी सांगावं. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलणं जड होणं, भ्रमिष्टासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर काढा करत बसू नका, थेट मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा किंवा जवळचं कोणतंही मोठं हॉस्पिटल.

बॅटरीच्या मुद्द्याला दोन वाक्यं पुरेत. सोडियम पाण्यात पडलं की पेट घेतं आणि क्लोरीन हा विषारी वायू, तरी दोघांचं मिळून झालेलं मीठ आपण रोज वरणात घालतो. गोळीत असतं ते लिथियम कार्बोनेट, तोही एक क्षारच, आणि १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिल्यापासून माणसं ते घेत आली आहेत.

आता विसरण्याचं. बायपोलरमध्ये स्मरणशक्तीचा त्रास होतो, हे खरं आहे. मूड अगदी स्थिर असतानाही अनेकांना ऐकलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं, कामाची आखणी करणं जड जातं. पण याचं खापर गोळीवर फोडायचं, तर कधीच लिथियम न घेतलेल्या रुग्णांचं काय? रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांतही, ज्यांना आजार नाही आणि औषधही नाही, याच त्रासाच्या सौम्य खुणा सापडल्या आहेत. त्यांना कोणती गोळी पोखरते? शिवाय ज्यांना आजाराचे झटके, म्हणजे उन्मादाचे किंवा नैराश्याचे काळ, जास्त वेळा येऊन गेले, त्यांची स्मरणशक्ती जास्त अडखळते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि लिथियम एकदम तोडलं की पुढच्या काही महिन्यांत झटका परतण्याचा धोका चांगलाच वाढतो. म्हणजे स्मरणशक्ती वाचवायला सुचवलेला उपायच तिच्या मुळावर उठतो.

मेसेजमधलं अर्धं खरं मान्य करते. नुकतंच ऐकलेलं लक्षात राहण्यावर लिथियमचा थोडा परिणाम होतो, काहींना डोकं मंद झाल्यासारखं वाटतं. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, आणि त्यानेही विसरायला होतं. म्हणूनच ठरावीक काळाने लिथियमची पातळी, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासतात. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील, दुसरं औषध बघतील. ब्राह्मी लिथियमची जागा घेते याला मात्र काही पुरावा नाही.

आणि साठीच्या आत स्मृतिभ्रंश? केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ साली पन्नाशीपुढच्या २९,६१८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. लिथियम घेतलेल्या ५४८ जणांपैकी ९.७ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला होता, न घेतलेल्यांपैकी ११.२ टक्क्यांना. वय आणि इतर आजार हिशेबात घेतल्यावर लिथियमवाल्यांची बाजू आणखी बरी दिसली. यावरून लिथियम स्मृतिभ्रंश टाळतंच असं म्हणता येत नाही. पण हे औषध मेंदू पोखरत असतं, तर आकडे उलटे आले असते.

सोयीचं विसरणं म्हणणाऱ्या ओळीने बहीण सगळ्यात जास्त दुखावली. नैराश्यात माणूस समोर बसलेला असतो, मान हलवतो, पण बोललेलं आत नोंदलंच जात नाही. उन्मादात रात्र-रात्र झोप नसते, डोक्यात दहा विचार एकदम धावतात, तेव्हाही तेच. जे नोंदलंच गेलं नाही ते आठवणार कुठून? तिला आजारपणातलं एका भाच्याचं बारसं अजिबात आठवत नाही. फोटोत ती बाळाला घेऊन उभी आहे. तो फोटो ती पुन:पुन्हा बघते. यात तिची कोणती सोय झाली, हे मला मेसेज लिहिणाऱ्याला विचारायचंय.

पैशाच्या व्यवहाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणालाही बुद्धिभ्रष्ट ठरवता येत नाही. तो अधिकार सक्षम न्यायालयाचा. उन्मादाच्या काळात पैसे उधळले जातात हे खरं, आणि त्यासाठी बरं असताना रुग्णासोबत बसून, त्याच्या संमतीने काय करायचं ते ठरवता येतं. बाकीच्या काळात माझी बहीण वहीत लिहून, मोबाइलवर आठवण लावून आणि आठवड्याच्या खणांच्या डबीत गोळ्या भरून आमच्या आईबाबांच्या औषधपाण्याचा सगळा हिशेब ठेवते.

मामांना मी फोन करून हे सगळं सांगितलं आणि मेसेज काढायला लावला. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर तिथेही काढायला सांगा. तो वाचून कोणी गोळी थांबवली असेल तर आजच त्याच्या डॉक्टरांना कळवा. किती दिवस चुकले यावर पुन्हा कशी सुरू करायची ते तेच ठरवतील. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.