"दोन मिनिटं वर घेतलं तर काय होतंय?" – त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला पाच ग्रुपवर आला. फोटोग्राफरांच्या, फवारणीवाल्यांच्या, अगदी एका सर्व्हेवाल्यांच्या पण. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की एअरस्पेसचे नियम नवशिक्यांसाठी असतात, ज्याचा हात बसलाय त्या कमर्शियल पायलटने गरजेपुरते वाकवले तर काही बिघडत नाही, ४०० फुटांच्या वर दोन मिनिटं गेलं तर कोणाला कळत नाही, एवढ्याशा ड्रोनने विमानाला काही होत नाही, परवानगी वेळेत मिळत नाही, कोणाचा जीव वाचवायचा असेल तर नियम बघत बसायचं का, आणि आपण नाही म्हटलं तर पार्टी दुसऱ्याकडे जाते. खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे लोक मला ओळखतात म्हणून लिहितोय. मी नाशिकमध्ये सात वर्षं ड्रोन उडवतोय, आधी लग्नं, आता जास्त करून द्राक्षबागा, आणि या मेसेजमध्ये जे करा म्हणून सांगितलंय ते मी एकदा करून बसलोय.

आधी ते "हात बसलाय" वालं घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

गंगापूर धरणाच्या बाजूला प्री-वेडिंगचं काम होतं, सकाळची वेळ, वारा नाही, सगळं मस्त. मुलाचा भाऊ म्हणाला दादा अजून थोडा वर घ्या ना, सगळं पाणी फ्रेममध्ये येऊ दे. लिमिट १२० मीटर, म्हणजे तेच ४०० फूट, मला पाठ होतं, तरी मी १५० ला नेला. आणि तेवढ्यात तो आवाज आला. गांधीनगरला आर्मीचं हेलिकॉप्टर पायलट तयार करायचं स्कूल आहे, चेतक-चीता हेलिकॉप्टरांचा तो फडफडाट नाशिकच्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. मी स्क्रीनवरून नजर वर केली तर समोर ऊन, माझा ड्रोन मलाच दिसेना, आवाज कुठून येतोय तेही कळेना कारण पाण्यावर आवाज फिरतो. स्टिक पूर्ण खाली ओढून धरली. आता हिशोब बघा, माझा ड्रोन उतरायचा सेकंदाला तीन मीटरने, १५० मीटर उतरायला ५० सेकंद. ताशी १५० किलोमीटरने येणारं हेलिकॉप्टर त्या ५० सेकंदात दोन किलोमीटर कापतं. ते पलीकडच्या काठावरून निघून गेलं, माझ्याकडे आलं नाही, त्यात माझं कौशल्य शून्य. ड्रोन हातात घेतला तेव्हा बोटं थरथरत होती, आणि मुलाचा भाऊ विचारत होता शॉट आला का.

हात बसलेला होता ना माझा? काय उपयोग झाला? कारण वरच्या माणसाला तुम्ही तिथे आहात हेच माहीत नसतं. त्याच्याशी तुमचा रेडिओ नाही, तुमचा ड्रोन त्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याकडे फक्त एक भरवसा आहे. साधारण विमान-हेलिकॉप्टरने मोकळ्या रानावर ५०० फुटांच्या खाली यायचं नाही, वस्तीवर १००० च्या, आणि ड्रोनने परवानगीशिवाय ४०० च्या वर जायचं नाही. मधली ती १०० फुटांची पट्टी रिकामी राहते, तीच काय ती सेफ्टी. १५० मीटर म्हणजे ४९२ फूट. म्हणजे ती पट्टी मी जवळपास सगळी खाल्ली होती, आणि मला तेव्हा वाटत होतं की आपण "थोडंसंच" वर गेलोय. शिवाय उतरताना, चढताना, ट्रेनिंगला हेलिकॉप्टर त्याच्याही खाली येतं, म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांत स्पष्ट आहे की माणूस बसलेल्या विमानाचा रस्ता आधी, तुम्ही ४०० च्या आत असलात तरी बाजूला व्हायचं तुम्हीच.

"कोणाला कळत नाही". खरंय, बऱ्याचदा कळत नाही. पण स्वतःला तरी कळतं का? स्क्रीनवरची उंची असते होम पॉइंटपासूनची, म्हणजे जिथून उडवला त्या जागेपासूनची. रामशेज किल्ल्याच्या माथ्यावरून उडवून दरीच्या बाजूला ड्रोन काढला तर स्क्रीन म्हणते १००, आणि खालच्या शेतापासून तो कधीच १२० च्या वर गेलेला असतो. पांडवलेण्याच्या डोंगरावर हेच, अंजनेरीला तर विचारूच नका. म्हणजे जो म्हणतो मी मोजून-मापून वाकवतो, तो बऱ्याच वेळा आधीच लिमिटच्या बाहेर असतो आणि वरून अजून भर घालतो.

"एवढ्याशा ड्रोनने काय होतंय". ९ जानेवारी २०२५, लॉस एंजेलिसची आग. आग विझवायला पाणी भरून नेणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, आपल्याकडच्या सगळ्यात हलक्या 'नॅनो' वर्गातलाच म्हणा. उडवणारा माणूस पार्किंगच्या गच्चीवरून आग बघत होता, ड्रोन अडीच एक किलोमीटर लांब गेला आणि त्याच्या नजरेतून सुटला. ते विमान आग जळत असताना दुरुस्तीला जमिनीवर बसून राहिलं, खर्च ६५ हजार डॉलरच्या वर. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळ आर्मीच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक फँटम ड्रोन धडकला, रोटरचं पातं खराब झालं. उंची साधारण ३०० फूट. तो पायलट चार किलोमीटर लांब बसून नुसता टॅबलेट बघत होता, धडक झाली हे त्याला समजलंसुद्धा नव्हतं.

आणि विमान सोडा, खाली काय आहे ते बघा. २७ ऑगस्ट २००३ च्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी ज्यांना आठवते त्यांना मी काय सांगू, ३९ माणसं गेली. गर्दीत ढकलाढकली सुरू व्हायला फार मोठं कारण लागत नाही. आता २०२७ ची स्नानं तोंडावर आहेत, प्रत्येक जण कामाची आशा धरून आहे, मीही आहे. पोलीस तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनबंदी, लावू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. रामकुंडावर लाख लोक उभे असताना "मी अनुभवी आहे" म्हणून कोणी वर पाठवला आणि ड्रोनचा एक प्रॉप, म्हणजे पंखा, निघाला तर?

जीव वाचवायच्या मुद्द्याचं म्हणाल तर तो खरा आहे पण चुकीच्या ठिकाणी लावलाय. उडता उडता अचानक संकट आलं तर ते निभावण्यापुरता नियम सोडायची मुभा अमेरिकेच्या नियमांतच लिहिलेली आहे. अचानक आणि तेवढ्यापुरतंच, घरून ठरवून नाही. आणि आपण काय करतो? गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (आमची पुराची खूण) छातीला लागलं की पाच-सहा ड्रोन वर असतातच. त्याच वेळी कोणी अडकलं आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, तर आपल्या ड्रोनांमुळे ते लांब थांबेल. जीव वाचवायची एवढी कळकळ असेल तर पोलीस-फायर ब्रिगेडला आधी फोन करून विचारा, ड्रोन आणि पायलट तयार आहे, लागला तर सांगा.

परवानगीचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही, कारण तो माझ्या पोटाचा आहे. ओझरला एचएएल, म्हणजे सरकारी विमान कारखाना, तिथे सुखोई बनले, आता तेजस बनतंय, शिवाय प्रवासी विमानं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्याहून आत परवानगीशिवाय नाहीच. आणि जानोरी तर विमानतळाला चिकटून, बागा तिथेच. पाऊस पडून गेला की डावणी, हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग, कोणाच्या अर्जासाठी थांबत नाही, एक-दोन दिवसांत फवारा बसला नाही तर घड हातचा जातो. मला तिथल्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, भाऊ तुझा ड्रोन मांडवाच्या वर दोन-तीन मीटर उडतो, एवढ्या खाली कुठलं विमान येणार? मला लगेच उत्तर देता आलं नाही. आज देतो. सगळं नीट चाललं तर दोन-तीन मीटर. सिग्नल तुटला की ड्रोन रिटर्न टू होमवर जातो, आणि परत यायच्या आधी तो सेट केलेल्या उंचीवर स्वतःहून चढतो, ३० मीटर, ४० मीटर, जे ठेवलं असेल ते. होकायंत्र बिघडलं तर कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. टाकी भरलेली, वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात. आणि बिनपरवाना उडवताना असं काही झालं तर लाखापर्यंत दंड आहेच, पण विम्याचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, मग नुकसान भरणार कोण, तो शेतकरी?

म्हणून मी तिथे गनने फवारा मारून देतो, माणसं लावतो, महाग पडतं, वेळ लागतो, आणि कधीकधी डोळ्यांदेखत घड जातो. याचा त्रास मला आहे. पण यावर उपाय चोरून उडवणं नाही. चोरून उडवणारा परवानगी मागतच नाही, मग वरच्यांना कळणार कसं की इथे एवढी गरज आहे?

पार्टी जाते, हो, जाते. माझी गेल्या सीझनला आडगावकडची एक गेली, अठरा हजारांचं काम होतं, परत आली नाही.

आता ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही चौघं फवारणीवाले ओझर-जानोरीच्या बागांची गटनंबरानुसार यादी करतोय, उंची जास्तीत जास्त दहा मीटर, वेळ विमानं नसतानाची, रिटर्न टू होमची उंचीही त्यातच बांधून द्यायची, आणि सगळ्या सीझनची एकत्र परवानगी मागणारा अर्ज कलेक्टर ऑफिस आणि विमानतळ दोन्हीकडे द्यायचा. शेतकऱ्यांच्या सह्या गोळा होतायत, ऑपरेटरच्या कमी आहेत. ज्याने तो मेसेज लिहिला त्याने खरंच परवानगीवर वैतागून लिहिला असेल तर रविवारी सकाळी यावं, सातबारा आणि आपलं पायलट सर्टिफिकेट दोन्हीची झेरॉक्स लागेल.