कॅज्युअल्टी मागू नका, जेवणाच्या वेळेचा वॉर्ड मागा

मेडिकल किंवा नर्सिंगला जायच्या आधी अनुभव हवा म्हणून हॉस्पिटलात स्वयंसेवक व्हायला निघालेली बहुतेक मुलं एकच मागणी करतात: कॅज्युअल्टी द्या, नाहीतर आयसीयू. माझ्या मते नवख्याला या दोन्ही जागा सर्वांत कमी शिकवतात. गंभीर पेशंट आला की स्वयंसेवकाला आधी बाजूला करतात, आणि ते योग्यच आहे. मग उरतं काय, तर चादरी बदलणं, ग्लोव्हजचे खोके भरून ठेवणं आणि नातेवाइकांना वाट दाखवणं.

म्हणून विभागाचं नाव बघू नका. चार तासांच्या शिफ्टमध्ये पेशंटशेजारी किती वेळ बसायला मिळेल, एवढं विचारा. चौकशी खिडकीवर माणसं भरपूर भेटतात, पण दोन मिनिटांत पुढे जातात. सॅम्पल पोहोचवण्यात नुसती पायपीट. व्हीलचेअरचं काम बरं, कारण नेता-आणताना पेशंट बोलतो. फक्त पद्धत पक्की हवी: बसवताना-उठवताना दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर केलेल्या, आणि उतारावर खुर्ची उलटी धरून, आपण खालच्या बाजूला राहून उतरवायची. पेशंट पडला तर एकट्याने उचलू नका, हाक मारा.

माझी पहिली पसंती मात्र वयस्कर पेशंटच्या वॉर्डला, तीही जेवणाच्या वेळेला. हे काम किरकोळ वाटतं, पण तसं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या पेशंटसाठी असा कार्यक्रम आखला आणि त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक घेतले. आज वार कोणता हे सांगणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजणं, थोडं चालवणं, रात्री झोप लागेल असं बघणं, अशी ती कामं. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: अचानक भ्रम होण्याचं प्रमाण नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के, तर या कार्यक्रमात ९.९ टक्के.

भरवायलाही शिकावं लागतं. आधी सिस्टरना विचारा, कारण पेशंट ‘एनबीएम’वर (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही) असेल तर घोटभर पाणीसुद्धा चालत नाही. तो कितीही गयावया करो, आपण द्यायचं नाही. पेशंटला शक्य तितकं ताठ बसवा, घास लहान घ्या, गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्या. ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर तिथेच थांबा आणि सिस्टरना बोलवा. जेवणानंतर साधारण अर्धा तास आडवं करू नका, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अर्ज मात्र लवकर करा. हेपॅटायटिस बीच्या लशीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. लस झालेली नसेल आणि हॉस्पिटल पूर्ण कोर्स मागत असेल, तर अर्धं वर्ष त्यातच जातं. क्षयरोगाची त्वचाचाचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते. तो दिवस चुकला की चाचणी पुन्हा. हात धुण्याची पद्धतही आधीच शिकून घ्या: जुलाबाच्या काही संसर्गांत, विशेषतः सी. डिफिसाइल या जंतूच्या, सॅनिटायझरने जंतूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपं) मरत नाहीत. तिथे हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, ४० ते ६० सेकंद.

उत्साहाच्या भरात कोणी ‘ये, सुई टोचून बघ’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तो अनुभव नव्हे, पेशंटशी खेळ आहे. आणि वॉर्डातला फोटो कुठेही टाकू नका, चेहरा झाकूनही नाही. मागच्या फळ्यावर नावं असतात.

महिनाभर रोज जाण्यापेक्षा सहा महिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. पहिल्या दोन-तीन शिफ्ट चादरींचं कपाट शोधण्यातच जातात. सिस्टर तुम्हाला नावाने हाक मारायला लागल्या की मग खरी कामं हाती येतात. सुरुवातीला चौकशी खिडकीच मिळाली तर घ्या, पण वॉर्डात बदली किती दिवसांनी मागता येईल, हे कोऑर्डिनेटरना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.