समिती नेमली की सुटले सगळे!

नवी मुंबईतल्या पाणथळींचा विषय निघाला की सरकारी अधिकाऱ्यांचा एकच उपाय: समिती. पाहणी दौरा, फोटो, इतिवृत्त, मुदतवाढ. एक खातं म्हणतं पाणथळ आहे, दुसरं म्हणतं विकायचा भूखंड आहे, तिसऱ्याला म्हणे नकाशाच मिळालेला नाही. घ्या, बसा आता!

बरं, जमीन थांबते का तोवर? रात्री डंपर येऊन डेब्रिज ओतून जातात. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली की साठलेलं पाणी कुजतं, मग आटतं. आणि हीच मंडळी गाड्यांतून उतरून विचारणार, "इथे पाणी कुठंय?" अहो, तुमच्याच बैठका चालू असताना गेलं ते!

2017 च्या पाणथळ नियमांत मिठासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी माणसाने केलेली तळी वगळलीत. आता ठाणे खाडीच्या काठाला मिठागरं कमी होती का? झाली की पळवाट तयार. फ्लेमिंगो बिचारे सातबारा बघून उतरत नाहीत. खाडीतला चिखल भरतीत बुडाला की त्यांना टेकायला जवळचं उथळ पाणी लागतं, म्हणून ते सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांवर येतात. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला तेव्हा केवढा मिरवलात! मग भरतीत त्यांनी जायचं कुठे, तुमच्या सभागृहात? भिंतींवर मात्र गुलाबी फ्लेमिंगो रंगवायला कधी कोरम अडत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं, पक्षी मेले, तेव्हा कुठे फायली हलल्या. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. चांगलं झालं. पण मग बाजूच्या एनआरआय आणि चाणक्य पाणथळींनी काय करायचं? आधी तिथेही पक्षी मरायला हवेत का?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पाणथळींची जागेवर पडताळणी करून हद्दी आखायला राज्यांना तीन महिने दिले होते. तीन महिन्यांत आमच्याकडे पुढच्या बैठकीची तारीख ठरली तरी पेढे वाटावेत.

तुमचं एकमत व्हायचं तेव्हा होवो. तोपर्यंत भराव बंद, एवढी एक ओळ तरी लिहा. की त्यालाही उपसमिती लागणार आहे?