‘आता’ म्हणजे पूर्वज

तुर्की भाषेत ‘आता’ म्हणजे पूर्वज. इझमिरला राहायला आले त्या वर्षी बाजारात एका टोपलीवर ‘आता तोहुमु’ अशी पाटी वाचली. तोहुम म्हणजे बी, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून ‘आत्ताचं, ताजं बी’ असा मी मराठी मनानं अर्थ लावला. शेजारच्या तेय्झेनं तो दुरुस्त केला: आजी-पणजीपासून घरात चालत आलेलं बियाणं. तेय्झे म्हणजे मावशी, अगदी आईची बहीण. आपल्यासारखंच इथंही ओळखीच्या-अनोळखी कुठल्याही वयस्कर बाईला तेय्झे म्हणतात.

तिच्या घरामागं दोन खोल्यांएवढी बाग आहे. उन्हाळ्यात प्रत्येक वाफ्यात एका-दोन झाडांना लाल दोरा बांधलेला दिसतो. त्या झाडाचं फळ तोडायचं नाही, ते बियाचं. टोमॅटोचा गर ती काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस आंबवते, बी तळाला बसलं की धुऊन ताटलीत वाळवते. वांगं झाडावरच पिवळं पडू देते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला यावल तालुक्यातलं आमचं परस आठवलं. आईही भरताचं एखादं वांगं असंच ठेवायची आणि आम्हाला दम द्यायची, “ते बियाचं आहे, हात नको लावू.” तुर्कीत वांग्याला पात्लजान म्हणतात. हा शब्द आणि आपलं वांगं, दोन्ही एकाच जुन्या भारतीय शब्दाची लेकरं. एक इराण-अरबस्तान फिरून इथं पोचलं, दुसरं घरीच राहिलं.

या बागांमागं एक कायदा आहे. २००६ साली तुर्कस्तानात ५५५३ क्रमांकाचा बियाणे कायदा आला. नोंदणी झालेल्या वाणाचंच बी विकता येईल, असं त्यात ठरलं. घरोघरी जपलेल्या वाणांची नोंदणी कोण करणार? म्हणजे तेय्झेनं आपल्या मिरचीचं बी बाजारात पैशाला विकलं तर ते बेकायदा. पण शेतकऱ्यांनी धंदा न करता आपापसांत देवाणघेवाण करायला कायद्यानं मोकळीक ठेवली. लोकांनी ती मोकळीक घट्ट धरली आणि गावोगाव ‘ताकास’, म्हणजे अदलाबदलीचे मेळे भरू लागले. इझमिरजवळचं सेफेरिहिसार हे त्यातलं ठळक नाव. तिथल्या नगरपालिकेनं कवी जान युजेल यांच्या नावानं बियाणे केंद्र उभारलं, आणि काराकल्चक, म्हणजे काळ्या कुसळांचा जुना गहू, पुन्हा शेतात आणि भट्टीत आणला. मेळ्यात मी गेले तेव्हा लांबच लांब टेबलांवर कागदी पुड्या होत्या, त्यावर हातानं लिहिलेलं गाव, वर्ष, वाण. निवृत्त शिक्षिका, बँकेतला कारकून, दोन कॉलेजची मुलं. फार थोडे पोटापुरते शेतकरी होते. बाकीचे बी सांभाळायचं म्हणून बाग करणारे.

हे सगळं फोनवर सांगितलं की धाकटा भाऊ चिडतो. तो कापूस आणि केळी करतो. “ताई, तुला तिथं बसून गावरानचं कौतुक सुचतं. निंदणीची मजुरी कोण देणार?” जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात, अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारं, पण सरकारी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं, तेव्हा त्याला ते आपल्या मनातलं वाटलं होतं. बियाण्याचं स्वातंत्र्य म्हणजे हवं ते तंत्रज्ञान वापरायचं स्वातंत्र्य, असं तो म्हणतो. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी त्याच शब्दाचा अर्थ कंपनीच्या बियाण्यापासून सुटका असा करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला, तेव्हा हे दोन अर्थ पुन्हा एकमेकांवर तुटून पडले.

मजुरीच्या प्रश्नावर भावाचं खरं आहे. सबंध शेत गावरान कर, असं मी त्याला सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. उत्पन्नाची जोखीम त्याच्या अंगावर आहे, माझ्या नाही. पण या भांडणात एक गोष्ट कुणी बोलत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं भारतातल्या शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. नव्या मसुद्यातही तो राखलेला आहे. हा हक्क तेय्झेला मिळाला असता तर तिनं मोहल्ला गोळा केला असता. आपण हक्कासाठी भांडतो, ते भांडायलाच हवं, पण हक्क वापरणारे हात कुठं आहेत? बी कपाटात ठेवून टिकत नाही. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवेनासं होतं. कुणीतरी दर थोड्या वर्षांनी ते पेरून, वाढवून, पुन्हा काढावंच लागतं.

हे काम आपल्याकडं होत नाही असं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ते केलं. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा इझमिरमध्ये मी एकटीच आनंदानं रडले. पण बीजमाता म्हणून आपण त्यांना हात जोडले आणि काम त्यांच्याच ओटीत ठेवलं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही असंच. मानांकन नावाची राखण करतं. बी राखायला कुणाच्या तरी परसात पिवळं पडलेलं वांगं लागतं.

तुर्कस्तानातलं सगळंच चांगलं, असं चित्र मला उभं करायचं नाही. मेळ्यातून मी गोड मिरचीचं बी आणलं आणि पुढच्या वर्षी सात झाडांपैकी चारांना तिखटजाळ मिरच्या लागल्या. देणाऱ्याच्या बागेत दोन्ही वाण शेजारी होते, मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे केले. नुसतं प्रेम पुरत नाही. अंतर ठेवावं लागतं, फुलावर कापडी पिशवी बांधावी लागते, पुडीवर खरं लिहावं लागतं. नवख्या माणसानं आधी सॅलडचा पाला किंवा टोमॅटो करावा, ते बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात. शिवाय ‘आता’ शब्दाभोवती शुद्धतेचा एक अभिमान जमा होतो, तोही मला खटकतो. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतून आलेल्या. आपल्या भिवापुरी मिरचीचेही पूर्वज समुद्र ओलांडून आले. परक्या बियातून आपल्या मातीला, आपल्या जिभेला पटलेलं झाड पिढ्यान्‌पिढ्या निवडत जाणं, हाच तर तो वारसा.

आणि जागा? इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीला लागून येदिकुलेचे मळे आहेत, शतकानुशतकं भाजी पिकवणारे. तिथला सॅलडचा पाला येदिकुलेच्याच नावानं ओळखला जातो, जशी इस्तंबूलमधल्याच चेंगेलक्योयची काकडी, बायरामपाशाचं आर्टिचोक, म्हणजे कळीची भाजी. २०१३ मध्ये त्या मळ्यांच्या एका भागावर बुलडोझर फिरला. आज चेंगेलक्योय म्हटलं की काकडीपेक्षा इमारती दिसतात. पुण्याभोवतीची मांजरीची वांगी आठवली की मला हे परकं वाटत नाही.

तेय्झेचं बी मी आईला नेऊ शकत नाही, आईचं इथं आणू शकत नाही. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय बियाणं सीमेपलीकडं नेऊ नये, हा नियम मला पटतो, कारण बियाबरोबर रोगही प्रवास करतो. मग रविवारी फोनवरून पद्धतीच इकडून तिकडं जातात. टोमॅटोचं बी आंबवणं आईला नवीन होतं. बी राखेत घोळून ठेवणं तेय्झेला नवीन होतं; तिनं ते वहीत लिहून घेतलं.

यंदा आईनं भावाकडं विहिरीजवळची एक ओळ मागितली. त्यानं पाणी सोडायचं कबूल केलं, निंदणी तुझी म्हणाला. चौदा झाडं लागली आहेत. त्यातल्या दोघांना तिनं जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे, म्हणजे भरताच्या हौसेनं कुणी ती वांगी तोडणार नाही.