टोपडं

साताऱ्यात, गोडोलीतल्या आमच्या गल्लीत एका रात्रीत स्पीडब्रेकर उगवला. संध्याकाळी दूध आणायला गेलो तेव्हा नव्हता, सकाळी होता. वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही. गतिरोधक कसा असावा याचे देशात छापील नियम आहेत. उंची १० सेंटीमीटर आणि पसारा ३.७ मीटर, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढावी आणि अलगद उतरावी. आमच्याकडे उंची सढळ हातानं दिली होती, काटकसर केली ती पसाऱ्यात. रस्त्यात कुणीतरी वरवंटा आडवा टाकून गेल्यासारखा दिसत होता. त्यावरून दूधवाल्याचा टेम्पो गेला, शाळेची रिक्षा गेली, समोरच्या नानांची लूनासुद्धा गेली. माझीही गाडी गेली, फक्त तिचं नाक मागं राहिलं.

गाडीबद्दल सांगायला हवं. लाल, दोन दारांची, सेकंडहँड ऑडी टीटी. हंगेरीतल्या ग्यॉर गावच्या कारखान्यात जन्मली, पुण्यात कुणा हौशी माणसाकडे वाढली आणि उतारवयात माझ्या पदरी पडली. मी पेशानं लोकांचे जीएसटी रिटर्न भरणारा माणूस. आयुष्यात एकच खर्च असा केला की ज्याचा ताळेबंद मांडायचा नाही असं ठरवलं, तो हा. २०२३च्या नोव्हेंबरात कंपनीनं हे मॉडेलच बंद केलं, तेव्हा मी मनातल्या मनात सुतक पाळलं. बायकोनं त्याच दिवशी पुरणपोळ्या केल्या. योगायोग असेल.

गाडीची उंची जेमतेम १.३५ मीटर. आईला तिच्यात बसवायला एक माणूस लागतो आणि उतरवायला दोन. पहिल्यांदा उतरली तेव्हा म्हणाली, "विहिरीतनं वर आल्यासारखं वाटलं बाई." नाव सांगितलं तर विचारते, "टीटी? म्हणजे धनुर्वाताची सुई ना?" आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर टूरिस्ट ट्रॉफी नावाची शर्यत होते, त्यावरून हे नाव पडलंय, असं मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "ट्रॉफी मिळालीय म्हणे. ह्याला नाही, गाडीला."

तर नाक. बंपर उजव्या फॉगलाइटपासून खालपर्यंत फाटला होता आणि त्याचा एक कोपरा, बालवाडीतल्या पोराचा पडायला आलेला दात लोंबावा तसा लोंबत होता. नाना लगेच आले. नाना एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत आणि गल्लीतल्या प्रत्येक बॉनेटवर आपला वारसाहक्क आहे असं मानतात. त्यांनी चपलेच्या टोकानं कोपरा हलवून बघितला.

"आरं, ह्यात बंपर कुठाय? बंपर असतोय एस.टी.ला. लोखंडाचा. म्हस धडकली तर म्हस मागं सरती. हे तर टोपडं हाय!"

मी दुखावलो. पण पुढं जे घडलं त्यात नानांचं शास्त्र कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त खरं निघालं, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. आकडा ऐकल्यावर फोन दुसऱ्या कानाला लावला, तिथंही तोच ऐकू आला. मग विम्याचा हिशेब मांडला, कारण तेवढंच मला येतं. प्लास्टिकच्या भागावर विमावाले घसारा म्हणून निम्मे पैसे कापतात. शिवाय क्लेम केला की पाच वर्षं एकही क्लेम न करता, मुलासारखा वाढवलेला ५० टक्क्यांचा नो-क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर. बेरीज-वजाबाकी केल्यावर असं निघालं की क्लेम केला तरी मी बुडतो, नाही केला तरी बुडतो. फक्त घरच्या घरी बदलला तर घोट्यापर्यंतच बुडतो.

मुंबईच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे तसलाच बंपर मिळाला. पांढरा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं त्यानं तो पाठवला आणि पहाटे साडेतीनला ड्रायव्हरचा फोन : "बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हाय, दोन मिंटात या, न्हायतर कोल्हापूरला घ्या." मुलाला उठवलं, ॲक्टिव्हा काढली. १.८ मीटर रुंदीची वस्तू ॲक्टिव्हावरून आणायची एकच रीत आहे : मागच्यानं ती आडवी पोटाशी धरायची आणि पुढच्यानं आपण लग्नाची कमान घेऊन चाललोय हे विसरायचं नाही. पोवई नाक्यावर एरवी अंगावर येणारी कुत्री आमची रुंदी बघून फुटपाथवर चढली.

सकाळी आईनं बंपर उलटा करून बघितला. आतल्या बाजूला पीपी आणि ईपीडीएम अशी अक्षरं कोरलेली. मी म्हटलं, पॉलिप्रॉपिलीन म्हणतात, त्यात थोडं रबर मिसळलेलं असतं.

"बादलीचं असतं तेच ना हे?"

"साधारण तेच."

"मग बादलीएवढेच पैसे दिलेस ना?"

मी म्हटलं, मला ऑफिसला उशीर होतोय. रविवार होता.

गच्चीत उभं राहिलं की समोर अजिंक्यतारा किल्ला दिसतो. औरंगजेबाला तो घ्यायला डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० इतका काळ लागला. मी एक रविवार धरला होता, कारण बंपर कसा बदलायचा ते दाखवणारा व्हिडिओ १४ मिनिटांचा होता. त्यातल्या माणसाकडं गाडी डोक्यावर उचलणारा लिफ्ट होता, पांढऱ्या टाइल्सची फरशी होती आणि मध्ये बोलणारं कुणीही नव्हतं. माझ्याकडं जॅक होता, डोक्यावर वाळत घातलेली चादर होती आणि नाना होते. शिवाय स्टार पान्यांचा नवा सेट होता. तो घ्यायला गेलो तेव्हा मी दुकानदाराला "टॉर्क्स टी-२५" असं म्हणालो होतो. त्यानं गिऱ्हाइकांसमोर मला दोनदा म्हणायला लावलं आणि मग म्हणाला, "स्टार म्हणा की सरळ."

बॉनेट उघडलं की वरची स्क्रूंची ओळ समोरच दिसते. ती दहा मिनिटांत सुटली आणि मला वाटलं, लोक उगाच घाबरतात. स्क्रू हरवू नयेत म्हणून बायकोचा जुना मिसळणाचा डबा घेतला होता. मोहरीच्या वाटीत टी-२५, जिऱ्याच्या वाटीत टी-३०, हळदीच्या वाटीत वॉशर. मग प्लास्टिकच्या क्लिपा आल्या. या क्लिपांचा मधला खिळा आधी वर ओढायचा, मग अख्खं बटण काढायचं. क्रम चुकला की 'टक्' असा आवाज येतो आणि हातात अर्धी क्लिप राहते. त्या दिवशी मी अकरा 'टक्' ऐकले. दर 'टक्'ला नाना म्हणायचे, "एस.टी.त नटबोल्ट असत्यात."

पण खरी गोम चाकाच्या आत होती. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, चाकाभोवतीचं काळं लायनर सोडवून बाजूला दुमडायचं, आणि मडगार्ड नि बंपर जिथं एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला, एक स्क्रू असतो. तो दिसत नाही. तो दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा फक्त जाणवतो. मोबाइलची बॅटरी लावून बघावं तर हात आड येतो, हात घालावा तर बॅटरी आड येते. शेवटी मी जमिनीवर कुशीवर पडलो, कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि बोटांनी खाच शोधायला लागलो. नाना पाठीमागं उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "रेडकू आडवं आलंय का?"

डाव्या बाजूला चाळीस मिनिटं लागली. उजव्या बाजूला दीड तास, कारण स्पीडब्रेकरनं तिथली पट्टी वाकवली होती. तिच्याच धारेवर मनगटाजवळ दीड इंच चिरलं. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही, ॲक्टिव्हाची चावी घेतली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टीटी दिलं. आईनं यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दुपारी चारला बंपर निघायच्या बेतात आला. दोन्ही कडांना दोन माणसांनी धरून एकदम बाहेरच्या बाजूला ओढायचं असतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगा, मधे नाना. "एक, दोन, तीन!" मुलानं दोनला ओढलं, मी तीनला. बंपर आला, पण हेडलाइट धुणाऱ्या फवाऱ्याची नळी सोडायची राहिली होती ती ताणून निसटली आणि टाकीतलं साबणपाणी भसाभस आमच्यावर. अजिंक्यताऱ्याच्या वेढ्यात मुघलांनी पेरलेला एक सुरुंग उलटा उडाला आणि त्यांचेच लोक गाडले गेले. शाळेत ऐकून मी हसलो होतो.

बंपरमागं काय असतं हे मी पहिल्यांदा बघितलं. आडवी, दणकट धातूची पट्टी, जिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. धडक खरी तीच झेलते. पुढचं सगळं नुसतं कव्हर. नाना काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही हातांनी हनुवटीखाली टोपड्याच्या नाड्या बांधल्याचा अभिनय केला. पट्टीच्या खालच्या खोबणीत वाळकी पानं, कासच्या रस्त्यावरची लाल माती, दसऱ्याच्या झेंडूची सुतळीसकट काळी पडलेली माळ आणि एक दगडासारखं लिंबू. लिंबू चाकाखाली ठेवलेलं मला आठवत होतं. ते तिथवर कसं चढलं याचा उलगडा अजून झालेला नाही. शेजारी शेंगदाण्याएवढा सेन्सर वायरला लोंबत होता. साताऱ्यात किती थंडी आहे हे गाडीला तोच सांगतो. बघायला आलेल्या पोरांपैकी एकानं त्यावर फुंकर मारली.

आता रंग. रंग बसवण्याआधी बंपर एकदा नुसता लावून बघायचा असतो, हे व्हिडिओत बाराव्या मिनिटाला होतं आणि मी अकराव्यापर्यंतच बघितला होता. सुदैवानं एमआयडीसीतल्या पेंटरनं दाराशीच अडवलं. "आधी बसतोय का बघा, मग आणा." डिकीतल्या चिकटपट्टीवरचा रंगाचा नंबर त्यानं लिहून घेतला आणि गाडीकडं बघत मान हलवली. "नंबरचा लाल येगळा, तुमच्या गाडीचा येगळा. उन्हानं उतरलाय." शिवाय या प्लास्टिकवर रंग सहजी धरत नाही, आधी चिकटून राहण्याचं एक पाणी मारावं लागतं, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर. एका टोपड्याला चार अंगडी.

पुढं नंबरप्लेटनं गाठलं. मुदतीवर मुदत वाढत गेल्यावर मी नुकतीच हाय सिक्युरिटीवाली प्लेट बसवून घेतली होती. तिची कुलपं चोरानं काढू नयेत म्हणून एकदाच बसतात, काढायची म्हणजे तोडायचीच. मालकानं काढायची झाली तर? तोही चोरासारखाच तोडतो. मी गल्लीच्या मध्यभागी ड्रिल घेऊन स्वतःच्याच गाडीच्या नंबरप्लेटवर वाकलो होतो तेव्हा दोन अनोळखी मोटरसायकली थांबून गेल्या. नवी कुलपं अधिकृत केंद्रावर, तीही गाडी समोर उभी केल्यावर. आणि प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. मी हा पेच नानांपुढं ठेवला. नाना म्हणाले, "पोलिसानं धरलं तर सांग, नंबर लावायलाच निघालोय. खोटं थोडंच हाय?" पोलिसानं धरलं नाही. चौकात त्यानं गाडीच्या उघड्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्याकडं दयेनं.

सगळं बसलं तेव्हा तिसरा रविवार संपत आला होता. डाव्या हेडलाइटपाशी फट इतकी बारीक की पोस्टकार्ड जाईना, उजवीकडं भाकरी गेली असती. पुन्हा सोडवलं, वाकलेली पट्टी नानांनी पक्कडीनं, एस.टी.च्या पद्धतीनं, म्हणजे शिव्या देत सरळ केली, पुन्हा बसवलं. आता दोन्हीकडं चपाती जाते. रंगाचा फरक सकाळी दिसत नाही, दुपारी दिसतो. बायको म्हणते, गाडी साताऱ्याची आणि नाक मुंबईचं. मिसळणाचा डबा मी घासून परत दिला, तरी बुधवारच्या आमटीत एक वॉशर सापडला. तो हळदीच्या वाटीतला होता हे रंगावरून ओळखू आलं.

त्याच आठवड्यात पाइपलाइनसाठी रस्ता खणला आणि तो स्पीडब्रेकर गेला. त्या जागी आता चर आहे.

जुना बंपर भंगारवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, ठेवून घ्या. आईनं तो मुलाकडून गच्चीवर नेववला, उलटा टाकला, फॉगलाइटच्या भोकांत नारळाच्या शेंड्या कोंबल्या आणि त्यात माती भरली. पंधरा दिवसांत कोथिंबीर बोटभर झाली. नंबरप्लेटच्या जागी, जिथं थोडी खोली जास्त आहे, तिथं पुदिना लावलाय. पाणी बरोबर शेंड्यांतून निथळतं, अजिबात साचत नाही. नाना वर येऊन बघून गेले आणि पहिल्यांदाच त्या वस्तूबद्दल चांगलं बोलले.

परवा मी गाडी पुसत होतो तर आई जिन्यात उभी. बराच वेळ गाडीच्या मागच्या बाजूकडं बघत होती.

"मागचं पण असंच निघतं का रे?"

"निघतं. का?"

"मेथीला जागा पुरत नाही."