वजन ६१ किलो आणि म्हणे शुगर

मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.२ आलं, म्हणजे प्रीडायबेटिस, शुगरच्या उंबरठ्यावर. वय ३२, वजन ६१. ग्रुपवर सांगितलं तर निम्म्यांना जोक वाटला, तुझ्या अंगावर मास नाही तुला कसली शुगर, आणि उरलेल्यांनी लगेच निकाल लावला, आनुवंशिक असणार रे.

आता घरात मागे कुणालाच शुगर नाही, तरी आनुवंशिक. आपल्याकडे हा शब्द म्हणजे फाईल बंद करायचा शिक्का झालाय.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचा कुणीतरी. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची पोरं त्यांच्या टीमने मोजली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण गंमत अशी की आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! पोटात असताना खायला कमी पडलं की शरीर मेंदू आणि चरबी सांभाळतं आणि बाकीच्यात काटकसर करतं. याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो पण फेमस आहे, २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलेला, शेजारी जॉन युडकिन नावाचे इंग्रज डॉक्टर, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळच. आणि स्नायू कमी, आत चरबी जास्त असली की बारीक माणसालाही शुगर गाठू शकते.

हे वाचल्यावर मी हिशोब मांडला. माझी आई १९७३ च्या फेब्रुवारीतली, बीड जिल्ह्यातली. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ सगळा आजीच्या पोटात. आजी सातव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती, खायला मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, कामावर मिळायचा तो सुकडी नावाचा कोरडा खाऊ, बास. आणि मुलगी जन्मायच्या आधीच तिची सगळी स्त्रीबीजं तयार झालेली असतात, म्हणजे ज्या बीजातून मी झालो तेपण तेव्हा त्या खडीच्या ढिगाजवळच होतं की! माझ्या एकट्याच्या बाबतीत हे सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली तेव्हा पोटात असलेल्या लोकांना पन्नाशीत शुगर पचवायला जड जात होतं, हे तपासून झालंय.

त्यामुळे नुसतं जीन्स जीन्स करू नका आणि "तोंडावर ताबा ठेव" हे लेक्चर पण देऊ नका. भात कमी केलाय मी, रोज चालतोय, पण सगळा हिशोब माझ्याच ताटावर लावणं बरोबर नाही.

आजीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मंग माझंच चुकलं म्हण की." मला कळेना काय बोलावं. अगं तुझं कसं चुकेल, पाऊस काय तू अडवला होता? असल्या संशोधनाचं शेवटी हेच होतं बघा, सगळं येऊन आईच्या पोटावर बसतं, आणि सातव्या महिन्यात तिला खडी फोडायला का लागली हे कुणी विचारत नाही.

मिसेसला सहावा चालू आहे. याज्ञिकांच्या त्याच खेड्यांत ज्या बायका पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं मोठी निघाली, हे पण मी आजीला सांगून बसलो. आता रोज संध्याकाळी सातला फोन. माझ्याशी बोलतच नाही, "तिला दे" म्हणते, आणि तिला पहिला प्रश्न, मेथी खाल्ली का.